फॉकलंड १९८२ : हेलिकॉप्टरे बुडाली आणि सैन्य पायी निघाले (थ्रेड)

२५ मे १९८२, दक्षिण अटलांटिक महासागर. 'अटलांटिक कन्व्हेयर' या ब्रिटिश मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्रे आदळली, तेव्हा त्यावरील चार चिनूक हेलिकॉप्टरांपैकी एक हवेत होते. उरलेली तीन जहाजाबरोबर जळाली. हवेतले एक वाचले. अंगावरील सांकेतिक अक्षरांमुळे ते पुढे 'ब्राव्हो नोव्हेंबर' या नावाने प्रसिद्ध झाले.

फॉकलंड युद्ध म्हटले की सर्वांना हॅरिअर विमान आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण जमिनीवरच्या युद्धाची गती हॅरिअरने ठरवली नाही. ती हेलिकॉप्टरांनी ठरवली आणि त्याहून अधिक त्यांच्या अभावाने.

आधी थोडी पार्श्वभूमी. फॉकलंड बेटे, अर्जेंटिनाच्या भाषेत माल्विनास, ब्रिटनपासून सुमारे १३,००० कि.मी. दूर आहेत. वस्ती त्या वेळी अवघी १,८०० च्या आसपास. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने ती ताब्यात घेतली. ब्रिटनने 'हर्मीस' आणि 'इन्व्हिन्सिबल' या दोन विमानवाहू नौकांसह आरमार रवाना केले. सुरुवातीला त्यांवर सी हॅरिअर विमाने होती फक्त २०.

एवढी थोडी विमाने पुरली कशी? अर्जेंटिनाची वेगवान जेट विमाने बेटांवरील स्टॅन्लीच्या आखूड धावपट्टीवरून लढू शकत नव्हती. ती मुख्य भूमीवरून येत आणि इंधन जेमतेम असल्याने बेटांवर काही मिनिटेच थांबू शकत. सी हॅरिअरकडे साइडवाइंडर क्षेपणास्त्राची नवी आवृत्ती होती. शत्रूची २० हून अधिक विमाने त्यांनी पाडली. हवाई द्वंद्वात स्वतःचे एकही गमावले नाही. जी सहा सी हॅरिअर गेली, ती जमिनीवरील माऱ्याने किंवा अपघाताने.

आता नकाशा पाहू. २१ मे रोजी ब्रिटिश सैन्य सॅन कार्लोसच्या खाडीत उतरले. राजधानी स्टॅन्ली बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे ८० कि.मी. दूर. मधल्या प्रदेशात धड रस्ता नाही. पाय रुतणारी पीटची दलदल, धोंड्यांचे ओघळ, बोचरा वारा आणि तोंडावर आलेला हिवाळा. चाकांची वाहने येथे निरुपयोगी होती. तोफ, तोफगोळे, अन्न, जखमी, सारे काही हेलिकॉप्टरनेच हलवायचे. सैन्याला हवाई मार्गाने टप्प्याटप्प्याने पुढच्या डोंगरांवर नेण्याची ब्रिटिशांची योजना होती.

हे गणित अर्जेंटिनालाही लागू होते आणि तेथे हॅरिअरने आपले काम केले. २१ मे रोजीच ब्रिटिश हवाई दलाच्या हॅरिअर विमानांनी माउंट केंटजवळ जमिनीवर उभे असलेले एक चिनूक व एक प्युमा नष्ट केले. दोन दिवसांनी तीन प्युमा आणि एक अगुस्ता यांचा ताफा सी हॅरिअरच्या तावडीत सापडून मोडला. अर्जेंटिनाचे सेनापती मेनेंदेझ यांच्याकडे सैनिकांची वाण नव्हती. सॅन कार्लोसवर प्रतिहल्ला करण्यासाठी मोठे दल तेथे न्यायचे कसे, हा प्रश्न होता. पश्चिम बेटावरील त्यांच्या दोन रेजिमेंट तर शरणागतीपर्यंत जागच्या हलल्याच नाहीत.

मग २५ मे उजाडला. हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिन. फ्रान्सकडून त्यांनी १४ सुपर एतांदार विमाने मागवली होती. युद्धापूर्वी हाती आली पाच, आणि तेवढीच एक्झोसेट क्षेपणास्त्रे. ४ मे रोजी त्यांतील एकाने 'शेफील्ड' या विनाशिकेचा बळी घेतला होता. या दिवशी वैमानिक कुरिलोविच आणि बाराझा यांनी वाटेत हवेतच इंधन भरून घेतले, मोठा वळसा घातला आणि अनपेक्षित अशा उत्तर दिशेने येऊन दोन एक्झोसेट सोडली.

युद्धनौकांनी धातूच्या पट्ट्यांचे ढग हवेत उडवून क्षेपणास्त्रांच्या रडारला चकवा दिला. चकलेल्या क्षेपणास्त्रांना पुढचे मोठे लक्ष्य दिसले ते 'अटलांटिक कन्व्हेयर'. ते मुळात कंटेनर वाहणारे व्यापारी जहाज होते. त्यावर ना तोफा, ना क्षेपणास्त्रे, ना तो चकव्याचा ढग. त्याच रात्री ते सॅन कार्लोसला जाऊन हेलिकॉप्टरे उतरवणार होते. कप्तान इयान नॉर्थ यांच्यासह १२ जण मृत्युमुखी पडले. तीन चिनूक, सहा वेसेक्स आणि एक लिंक्स नष्ट झाले. हजारो सैनिकांचे तंबू आणि हॅरिअरसाठी तात्पुरती धावपट्टी उभारण्याचे साहित्यही गेले. याच जहाजाने आणलेली १४ हॅरिअर विमाने मात्र काही दिवस आधीच विमानवाहू नौकांवर पोहोचली होती.  ती डेकवर असती तर युद्धाचे चित्र किती बदलले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

वाचलेले 'ब्राव्हो नोव्हेंबर' हर्मीसवर उतरले. ही हर्मीस आपल्याला परकी नाही. १९८७ साली ती भारतीय नौदलात 'विराट' म्हणून दाखल झाली. गोव्याच्या 'हंसा' तळावरील भारतीय सी हॅरिअर तिच्यावरून उडत. २०१७ साली ती मुंबईत निवृत्त झाली आणि पुढे अलंगला मोडीत निघाली.

२७ मे रोजी सॅन कार्लोसहून ४५ कमांडो आणि पॅराशूट रेजिमेंटची तिसरी बटालियन पायी निघाली. पाठीवर ३६ किलो, अनेकांच्या पाठीवर त्याहून जास्त ओझे. सतत ओले राहून पाय सडू लागले, दलदलीत घोटे मुरगळले. मरीन जवानांच्या बोलीत या चालीला 'योम्प' म्हणत, पॅराशूट रेजिमेंटच्या बोलीत 'टॅब'. ब्रिटनमध्ये ती चाल आजही शौर्यगाथा म्हणून सांगितली जाते. शौर्य निर्विवाद आहेच. पण ती मूळ योजना नव्हती, हे त्या गाथेत सहसा हरवते.

'ब्राव्हो नोव्हेंबर'जवळ सुटे भाग नव्हते, दुरुस्तीच्या पुस्तिका नव्हत्या, धड हत्यारेही नव्हती. तरी ते रोज उडत राहिले. ३०-३१ मेच्या रात्री तीन हलक्या तोफा आणि २२ सैनिक माउंट केंटवर पोहोचवून परतताना बर्फाच्या वादळात उंचीमापकाने दगा दिला आणि ताशी सुमारे १८५ कि.मी. वेगाने ते पाण्यावर आपटले. पाणी उडून इंजिनांत शिरले. वैमानिक डिक लँगवर्दी यांनी ते पुन्हा हवेत उचलले आणि तळावर परत आणले.

२ जूनची गोष्ट तर काहीशी विनोदी आहे. एक छोटी तुकडी स्वॉन इनलेट येथील घरापर्यंत हेलिकॉप्टरने गेली आणि तेथील दूरध्वनीवरून फिट्झरॉय वस्तीत विचारले, शत्रू आहे का? उत्तर आले, नाही. लगेच 'ब्राव्हो नोव्हेंबर'ने ८१ सशस्त्र सैनिक उभेच्या उभे कोंबून फिट्झरॉयला नेले. ही संख्या नेहमीच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट होती. दुसऱ्या खेपेत ७५ नेले.

झेप मोठी होती, पण मागच्यांना आणायचे कसे? वेल्श गार्ड्सने पायी जाण्याचा प्रयत्न केला आणि ते परतले. उरला समुद्रमार्ग. ८ जून रोजी फिट्झरॉयजवळ 'सर गॅलहॅड' जहाज सैनिक उतरवण्याआधीच दिवसाउजेडी अर्जेंटिनाच्या स्कायहॉक विमानांना सापडले. त्या जहाजावरील ४८ जण ठार झाले, त्यांत ३२ वेल्श गार्ड्स. या आपत्तीला घाई, दळणवळणातील गोंधळ आणि हवाई संरक्षणाचा अभाव अशी इतरही कारणे आहेत. तरी हे जवान जहाजात का बसले होते, या प्रश्नाचे उत्तर शोधत मागे गेले की २५ मेची ती संध्याकाळ येतेच.

अखेरच्या लढाया ११ ते १४ जूनच्या रात्रींत माउंट लाँगडन, टू सिस्टर्स, टंबलडाउन अशा डोंगरांवर झाल्या. त्या पायदळाने लढल्या. पण प्रत्येक हल्ल्याआधी तोफांमागे शेकडो गोळे साठवावे लागत आणि सी किंग हेलिकॉप्टरे जाळ्यांत लटकवून ते दिवसभर वाहत. हल्ला कधी करायचा, हे पुष्कळदा या फेऱ्या ठरवत.

१४ जून रोजी स्टॅन्ली पडले. ७४ दिवसांत अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ जवान मरण पावले. तीन बेटवासी स्त्रियांचाही मृत्यू झाला. 'ब्राव्हो नोव्हेंबर'ने तोवर सुमारे १,५०० सैनिक, ९५ जखमी, ६५० युद्धकैदी आणि ५५० टन माल वाहिला होता. पुढे ते इराक आणि अफगाणिस्तानातही उडाले. लँगवर्दी यांना मिळालेले 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' धरून त्याच्या वैमानिकांना हा सन्मान चार वेळा लाभला. २०२२ पासून ते कॉसफर्ड येथील ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात उभे आहे.