अंधार हेच भांडवल : हानलेचे तारे-पर्यटन

लडाखमधील हानले हे गाव चांगथांगच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर वसले आहे. कोरडी हवा, निरभ्र रात्री आणि विरळ वस्ती यांमुळे बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने येथे वेधशाळा उभारली. दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने २००० मध्ये पहिला प्रकाश टिपला.

डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने वेधशाळेभोवतीचे १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून अधिसूचित केले. देशातील हे असे पहिलेच क्षेत्र. तारे पाहायचे तर मुक्काम करावाच लागतो, आणि मुक्कामाचा पैसा गावात राहतो, हे यामागील साधे गणित. संस्थेने स्थानिक युवक-युवतींना प्रशिक्षण व दुर्बिणी दिल्या. हे 'खगोलदूत' पाहुण्यांना आकाश दाखवितात, तर अनेक घरांत पर्यटकांची निवासव्यवस्था होते. पशुपालनावर जगणाऱ्या कुटुंबांना त्यामुळे जोडधंदा मिळाला.

मात्र, गर्दीबरोबर वाहनांचे व हॉटेलांचे दिवेही येतात. म्हणूनच झाकलेले दिवे आणि जाड पडदे यांचा आग्रह धरला जातो. चांदण्या रात्री व कडाक्याची थंडी यांमुळे हंगामही मर्यादितच.

महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. त्यासाठी लगतच्या गावांतील पथदिवे बदलून प्रकाशाचा झोत जमिनीकडे वळविण्यात आला. अंधार टिकला, तरच हा रोजगार टिकेल.