नकाराचा अर्थ लावताना

मुंबईच्या उपनगरांत वाढणाऱ्या मुलांना नकाराची ओळख लवकर होते. अकरावीच्या प्रवेशयादीत हवे ते महाविद्यालय मिळत नाही, शाळेच्या संघाच्या यादीत नाव नसते, पुढे मुलाखतीनंतर कंपनीकडून उत्तरच येत नाही. अशा वेळी वडीलधारी मंडळी 'चुकांतून शिक' असा सल्ला देतात. सल्ला योग्य असला, तरी तो अपुरा आहे. कारण काही नकारांमागे सुधारता येण्याजोगी उणीव असते, तर काहींमागे आपली कोणतीही चूक नसते. या दोहोंतील फरक ओळखणे हाच नकार पचवण्याचा पाया होय.

परिपूर्णतेचा हट्ट

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. माणसाला केवळ घटना अस्वस्थ करत नाही, तर 'मला यश मिळालेच पाहिजे' हा त्यामागचा 'च' अस्वस्थ करतो, असे या विचाराचे सार सांगता येईल. पॉल ह्युइट व गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा आणि जगाला आपल्याकडून तीच अपेक्षा आहे ही धारणा. असा हट्ट बाळगणारी व्यक्ती प्रत्येक नकाराचा एकच अर्थ लावते, तो म्हणजे 'मी कमी पडलो'. नेमके काय चुकले, हा प्रश्न मग बाजूलाच राहतो.

निवड समितीचा नकार हा सर्वांत जाहीर नकार, कारण तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतो. त्यामुळे क्रिकेटपटूंच्या कारकिर्दी हा फरक समजून घेण्यास उपयोगी पडतात.

सुधारता येणारी उणीव

बोरिवलीत आजी-आजोबा व काकांकडे वाढलेल्या रोहित शर्माने शालेय क्रिकेटमध्ये ऑफस्पिनर म्हणून सुरुवात केली. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याच्यातील फलंदाज हेरला. २००७ मध्ये तो भारतीय संघात आला, मात्र सातत्याअभावी जागा पक्की होईना. जानेवारी २०११ मध्ये विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, तेव्हा त्यात त्याचे नाव नव्हते. अंतिम सामना त्याच्याच शहरात, वानखेडेवर झाला. २०१२ च्या श्रीलंका दौऱ्यातील एकदिवसीय मालिकेत तर पाच डावांत मिळून त्याने अवघ्या १३ धावा केल्या. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध त्याला सलामीला पाठवण्यात आले. त्याने ८३ धावा केल्या आणि पुढे सलामीवीर म्हणूनच एकदिवसीय सामन्यांत तीन द्विशतके झळकावली. गुणवत्ता तीच होती, बदलली ती जागा.

चूक नसलेला नकार

अमोल मुझुमदारचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड स्पर्धेत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली, तेव्हा शारदाश्रमचा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तोच. १९९४ मध्ये रणजी पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणातील सर्वोच्च प्रथम श्रेणी धावसंख्येचा हा विक्रम २०१८ पर्यंत टिकला. १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा आणि ३० शतके अशी कामगिरी करूनही भारतासाठी एकही सामना खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही. तेंडुलकर, द्रविड, गांगुली व लक्ष्मण यांच्या मधल्या फळीत जागा रिकामीच नव्हती. हा नकार कोणत्याही सरावाने टळणारा नव्हता.

मुझुमदार खेळत राहिला. त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने २००६-०७ च्या रणजी मोसमात पहिले तीन सामने गमावूनही करंडक जिंकला. पुढे तो आसाम व आंध्रकडून खेळला, २०१४ मध्ये निवृत्त झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला.

तीन पराभवांनंतर

२०२५ च्या महिला विश्वचषकात त्याचा संघही दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्याविरुद्ध सलग तीन सामने हरला. यांतील इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात, अधिक गोलंदाज खेळवण्यासाठी, जेमिमा रॉड्रिग्सला वगळण्यात आले होते. भांडुपमध्ये जन्मलेल्या जेमिमाला २०२२ च्या विश्वचषक संघातही स्थान मिळाले नव्हते. संघ व्यवस्थापनाने पुढच्याच सामन्यात निर्णय बदलून तिला तिसऱ्या क्रमांकावर खेळवले. न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद ७६ धावा केल्या. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य सामन्यात तिच्या नाबाद १२७ धावांच्या जोरावर भारताने ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य गाठले. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून संघ विश्वविजेता ठरला. स्पर्धेच्या काळात आपण चिंतेने ग्रासलो होतो आणि रडतही होतो, हे जेमिमाने उपांत्य विजयानंतर मोकळेपणाने सांगितले.

घरच्यांनी काय करावे?

नकारानंतर पहिले काही दिवस उपदेश टाळावा. मन निवळल्यावर मुलासोबत तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. नकाराचे कारण नेमके ठाऊक आहे का? त्यातले आपल्या हाती काय होते? पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट वेगळी करायची? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर ते मान्य करावे. तिथे दोष शोधत बसल्यास केवळ आत्मविश्वास खचतो.

झोप उडणे, जेवण तुटणे, कोणाशीही न बोलणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा झाल्याची भाषा मुलाच्या तोंडी आल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.