गोष्टीच्या वाटेने इंग्रजी

सटाणा हे बागलाण तालुक्याचे ठाणे. आरम नदीच्या काठी वसलेल्या या गावात आणि भोवतालच्या खेड्यापाड्यांत अनेक घरी अहिराणी बोलतात. मूल शाळेत गेले म्हणजे पुस्तकी मराठी त्याच्या कानी पडते. तिची ओळख पुरती होते न होते तोच इंग्रजी समोर येऊन उभी राहते. शहरातील सुशिक्षित घरात जी दुसरी भाषा, ती या मुलाची तिसरी. अशा मुलाच्या मनात परकी भाषेचे शब्द ठरावेत कसे, हा प्रश्न आजचा दिसला तरी महाराष्ट्रात तो दोनशे वर्षांचा जुना आहे.

सटाण्याचे देवमामलेदार यशवंतराव महाराज यांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी मोकळा केला, ही हकीकत बागलाणात आजही भक्तिभावाने सांगतात. त्यांच्या काळी तालुक्याच्या कचेरीचे दप्तर मोडीत लिहिले जाई. इंग्रजीवाचून अडे ते वरच्या कचेऱ्यांत. वरची पायरी चढू पाहणाऱ्याला इंग्रजी शब्दांचा साठा हवाच असे, आणि साठा म्हटला की पाठांतर ओघानेच आले. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी अर्थ, आणि मुलाने दोन्ही घोकावयाचे, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली.

साधनांची उणीव होती असे नव्हे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि १८४७ साली मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ अपूर्व खरे; परंतु कोश एका शब्दापुढे चार अर्थ मांडतो आणि त्यांतला कोणता घ्यावा हे वाचणाऱ्यावर सोपवितो. ‘पिचर’ हा साधा शब्द घ्या. त्याचा अर्थ घागर म्हणावा, सुरई म्हणावी की झारी? नुसत्या यादीने हा उलगडा होत नाही. पण तहानलेल्या कावळ्याची गोष्ट वाचणाऱ्या मुलाला तो विचारावा लागत नाही. भांड्याचे तोंड अरुंद, पाणी तळाशी, चोच पोचत नाही, एवढे कळले की ‘पिचर’ डोळ्यांपुढे उभा राहतो. पुढे कावळा एकेक ‘पेबल’ आत टाकतो आणि पाणी वर चढते. आरमेच्या पात्रातले खडे वेचलेल्या पोराला ‘पेबल’ म्हणजे काय ते निराळे सांगावे लागत नाही. गोष्ट अर्थ देते, आणि ती आठवली की तिच्या पाठोपाठ शब्दही आठवतो.

या वाटेची पहिली आखणी महाराष्ट्रात फार लवकर झाली, आणि तीही काहीशी उलट दिशेने. मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापच्या नीतिकथा इंग्रजीतून मराठीत आणल्या. तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यात त्याआधीच इसाप मराठीत उतरला होता. परंतु महाराष्ट्रातल्या शाळांत तो रुजला छत्र्यांमुळे. पुढच्या पिढ्यांतील मुलांना कोल्हा, सिंह, कासव व ससा ही मंडळी आधी मराठीत भेटली आणि मग इंग्रजी वाचनात तीच पुन्हा भेटली. गोष्ट ओळखीची, शब्द मात्र नवे. अर्थ आधीच हाती असल्यामुळे शब्दाचे ओझे निम्मे झाले. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला. ज्याला एका स्तंभात अडेल त्याने दुसऱ्याकडे पाहावे, अशी ही सोय होती.

शाळा वाढल्या, परीक्षा आल्या, आणि ही सोय मागे पडली. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेने असंख्य मराठी विद्यार्थ्यांचे व्याकरण पक्के केले. हा उपकार लहान नव्हे. पण तिच्यातील वाक्ये सुटी सुटी असत. एका वाक्यातला राजा पुढच्या वाक्यात नाहीसा होई आणि त्याच्या जागी माळी येई. वाक्य जुळविता येऊ लागले, तरी पुढे काय झाले या उत्कंठेने पान उलटण्याची गरज विद्यार्थ्याला कधी भासली नाही. मग प्रतिक्रिया उमटली. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील पी. सी. रेन यांनी १९११ च्या सुमारास मराठी अर्थाची मध्यस्थी नको, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, असा पक्ष मांडला. हेच रेन पुढे कादंबरीकार म्हणून गाजले. त्यांचा पक्ष तर्काला धरून होता. परंतु त्यासाठी अस्खलित इंग्रजी बोलणारा शिक्षक हवा, आणि तालुक्याच्या गावी असे शिक्षक कितीसे मिळणार?

शाळेबाहेर मात्र एक निराळीच शाळा चालू होती. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांना शिकविण्यास लगेच आरंभ केला; पण पुण्याच्या घरातील वडील बायकांना ते रुचेना. मुलीने वाचणे हाच दोष, मग इंग्रजी तर बोलावयासच नको. १८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि पुढच्या वर्षी धुळ्याला. घरचा तो जाच दूर राहिल्यावर रमाबाईंच्या अभ्यासाला मोकळीक मिळाली. पुढे पुण्यात गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मुलींच्या हायस्कुलाची मागणी त्यांनी इंग्रजीत मांडली. नाशिक जिल्ह्याच्या ठाण्यातील एका घरात, परीक्षेवाचून आणि पदवीवाचून, इतके इंग्रजी मुरले.

शिकविणारे रानडे स्वतःही शिकत असत. १८८६ साली ते कलकत्त्यास असता त्यांनी बंगाली पुस्तके आणविली आणि दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्याला शब्दांचे उच्चार व अर्थ विचारावयास सुरुवात केली. रमाबाईंनी आपल्या १९१० सालच्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगितला आहे. एवढा विद्वान पुरुष, पण अडलेला शब्द न्हाव्याला विचारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. समोर वाचनाचे पुस्तक आणि शेजारी अर्थ सांगणारे माणूस असले म्हणजे भाषा शिकता येते, हे या घराने दोनदा दाखवून दिले.

या अनुभवाला शास्त्राचे रूप मिळाले तेही याच उपखंडात. ढाक्यास अध्यापन करणारे मायकेल वेस्ट यांनी १९२० नंतरच्या वर्षांत बंगाली मुलांसाठी इंग्रजी वाचनमाला रचली. त्यांनी पाहिले की प्रचलित पुस्तकांत नवे शब्द गर्दीने येतात आणि पुन्हा भेटत नाहीत. म्हणून सोप्या गोष्टींत सुमारे ५० शब्दांमागे एक नवा शब्द घालावा आणि तो वारंवार परत आणावा, असा बेत त्यांनी आखला. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी सहकाऱ्यासह २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्षही याच्याशी मिळतो. कोणाच्या मदतीवाचून गोष्ट नीट समजावी, तर शंभरांपैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. ५० शब्दांमागे एक आणि शंभरांमागे दोन, हे प्रमाण एकच.

त्याच २००० साली महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाली. वर्षे वाढली, हे खरे. पण शब्द केवळ वर्षांनी वाढत नाहीत. पुस्तक अवघड निवडले तर मूल दर ओळीला अडते, आणि दर ओळीला अडणारे मूल इंग्रजीला भिऊ लागते. त्या भीतीपायी कित्येक हुशार मुलांचे शिक्षण अर्ध्यावर थांबते. उपाय खर्चाचा नाही. घरी आधी सांगितलेली एखादी लहान गोष्ट इंग्रजीत द्यावी. पहिल्या वाचनात मुलाला थांबवू नये. दुसऱ्या वाचनात अडलेल्या चार-पाच शब्दांचे अर्थ मोकळेपणाने त्याच्या भाषेत सांगावे. आठ दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा वाचावयास लावावी.

आणि परीक्षा? तीही घरीच व्हावी. सटाण्याच्या मुलाने इंग्रजीत वाचलेली कावळ्याची गोष्ट संध्याकाळी आजीला अहिराणीत सांगावी. आजीला इंग्रजीचे अक्षरही ठाऊक नसेना का. कावळ्याला पाणी कसे मिळाले ते तिला कळले, की नातवाला शब्द आले असे खुशाल समजावे.