गुडघा आणि रक्ताची बाटली

आमच्या अंतरवाली सराटीत उतारवयात गुडघ्यांनी छळले नाही अशी बाई सापडणे कठीण. जन्मभर कापूस वेचायचा, उकिडवे बसून खुरपायचे. दुसरे काय होणार? २००३ साली थोरल्या आत्याचा गुडघा बदलायचे ठरले. डॉक्टरांनी बजावले, "दोन बाटल्या रक्ताची सोय करून या." पैसे उसने मिळाले, रक्त मिळेना. पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक रक्तदाते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८पासून बंद झाले होते. झाले ते उत्तमच. पण गावात समज असा, की रक्त दिले की औत हाकवत नाही. शेवटी मी आणि आत्याचा जावई, दोघे रक्तपेढीत गेलो.

गेल्या वर्षी आईचा गुडघा बदलला. रक्त आणायला कोणी सांगितलेच नाही. हे कसे झाले म्हणून शोधत गेलो, तो थेट जपानला पोहोचलो.

रक्त रोखण्याची जुनी युक्ती म्हणजे मांडी आवळणे. जर्मनीच्या एस्मार्कने १८७३मध्ये त्यासाठी रबरी पट्टी आणली, अमेरिकेच्या कुशिंगने १९०४मध्ये हवा भरायचा पट्टा. पण पट्टा सोडला की कापलेल्या हाडातून पाझर सुरू होतो. बरेचसे रक्त आतच साचते, दिसतही नाही. शरीर गुठळी करून ते थांबवते आणि लगोलग ती गुठळी विरघळवूही लागते. हे विरघळणे रोखणारे औषध उताको आणि शोसुके ओकामोतो या डॉक्टर दांपत्याने शोधले व १९६२मध्ये जाहीर केले. नाव ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. उताकोबाईंच्या डोळ्यांपुढे गुडघे नव्हतेच. बाळंतपणात रक्त जाऊन दगावणाऱ्या बाया होत्या. लेकीला पाठीशी घेऊन त्या प्रयोगशाळेत काम करीत.

गुडघ्यापर्यंत यायला या औषधाला तीसेक वर्षे लागली. फिनलंडमध्ये १९९५ला आणि स्वीडनमध्ये १९९६ला प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत गुडघा बदलताना जाणारे रक्त जवळजवळ निम्म्यावर आले. सर्रास वापर मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाला. (पायात गुठळी होऊन गेलेल्यांना ते द्यायचे की नाही, हे डॉक्टरच ठरवतात.)

हे सारे आईला सांगितले. ती म्हणाली, "मग बाळंतिणीला देतात का आता?"

देतात. वीस हजार बाळंतिणींवरच्या चाचणीचा निकाल २०१७मध्ये आला. तीन तासांच्या आत औषध दिले, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. उताकोबाई मात्र आदल्याच वर्षी, ९८ वर्षांच्या होऊन गेल्या होत्या.