पेशीच्या उंबरठ्यावरचा डीएनए

१/ विरार लोकलने प्रभादेवीला उतरले की पूर्वेस परळ लागते. तेथील कर्करोग संशोधनाचा एका मूलभूत प्रश्नाशी संबंध आहे : जिवंत पेशी बाहेरचे रेणू आत कशी घेते, हे पाहायचे कसे?

२/ सूक्ष्मदर्शकाखाली येणारी पेशी पूर्वी बहुधा मृत आणि रंगवलेली असे. तीत रचना दिसे, क्रिया दिसत नसे. बाल्टिमोरच्या वॉरन लुईस यांनी काचेवर वाढवलेल्या जिवंत पेशींचे चलच्चित्रण केले. पेशी भोवतालचा द्रव अक्षरशः पिताना दिसली. १९३१ साली त्यांनी या क्रियेला ‘पिनोसायटोसिस’ हे नाव दिले.

३/ त्याच शहरात जॉर्ज गाय यांनी १९५१ साली ‘हेला’ पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली आणि पुढे गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले.

४/ मायदेशी परतून त्यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती देशातील पहिली मानली जाते. शरीराबाहेर पेशी जगवता आल्याखेरीज पुढचे निरीक्षण अशक्यच होते.

५/ १९७८ साली अमेरिकेत पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफनसन यांनी दाखवले, की १३ अक्षरांचा डीएनए-तुकडा कोंबडीच्या पेशींत विषाणूची वाढ रोखतो. मात्र साध्या डीएनएचे असे तुकडे विकरे लवकर तोडतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्यांच्या कण्यातील ऑक्सिजनच्या एका अणूजागी गंधक बसवले.

६/ तुकडा टिकला. पण पोहोचला का? त्याला चमकणारा रंग जोडून पाहिल्यावर पेशी उजळते आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. जिवंत पेशीत बारकाईने पाहता तो उजेड ठिपक्याठिपक्यांचा निघतो. ते ठिपके म्हणजे एंडोसोम नावाच्या पिशव्या. बहुतांश तुकडे त्यांतच अडकतात. फारच थोडे निसटतात.

७/ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बेंगळुरूतील केंद्रात यमुना कृष्णन, सत्यजित मेयर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली या अडचणीचेच साधन केले. त्यांचा डीएनए-रेणू आम्लतेनुसार घडी बदलतो आणि त्याबरोबर त्याची चमकही बदलते. फळमाशीच्या पेशींनी तो गिळला. पिशव्यांतील वाढती आम्लता त्याने आतून दाखवली.

८/ हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. २०१६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले नुसिनर्सेन हे स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक रोगावरील औषध म्हणजे असाच बदललेला न्यूक्लिक आम्लाचा तुकडा. रुग्णाच्या शरीरात शिरलेले औषध आणि पेशीत कामाच्या जागी पोहोचलेले औषध यांतील अंतर अजून मिटलेले नाही.

९/ परळ ते बेंगळुरू ही गुरुशिष्यांची सलग परंपरा नव्हे. पण जे मृत पेशीत दिसत नव्हते, ते पाहण्यासाठी आधी कोणीतरी पेशी जगवावी लागली. भारतात हे काम रणदिवे यांनी सुरू केले.