वालुमक्षिका : वाळवंटी जातींच्या वर्णनाचा इतिहास

कीटक वर्गाच्या द्विपंखी गणातील सायकोडिडी या कुलात वालुमक्षिकांचा समावेश होतो. आशिया, आफ्रिका व दक्षिण यूरोप येथील ज्या जाती माणसाला उपद्रवकारक आहेत, त्या फ्लेबोटोमस या प्रजातीतील होत. या माश्या अवघ्या २ ते ३ मिमी. लांबीच्या, फिकट पिवळसर व अंगभर केस असलेल्या असतात. विसाव्याच्या वेळी त्या पंख मिटून घेत नाहीत, तर पाठीवर तिरपे उभे धरतात. नावातील ‘वालु’ हा शब्द त्यांच्या रंगावरून आला आहे, असे मानणे अधिक योग्य ठरेल. कारण उघड्या तप्त वाळूत त्यांच्या अळ्या जगूच शकत नाहीत. उंदरांची बिळे, मातीच्या भिंतींमधील भेगा, गोठ्यांतील सेंद्रिय द्रव्ययुक्त ओलसर माती अशा जागी त्यांची वाढ होते. रक्त फक्त मादी शोषते. नर वनस्पतींच्या गोड रसावर जगतो.

मोरोक्कोपासून भारतापर्यंत पसरलेल्या शुष्क पट्ट्यात फ्ले. पापाटासी आणि फ्ले. सर्जेंटी या दोन जाती ठिकठिकाणी एकत्र आढळतात. साध्या डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात. तथापि त्या वेगळ्या आहेत हे ठरल्याशिवाय प्राच्य व्रणाचे (दिल्ली, बिस्क्रा, अलेप्पो इ. शहरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गळवाचे) कोडे उलगडणे शक्य नव्हते. म्हणून या माश्यांच्या जातिवर्णनाचा इतिहास हा केवळ संग्रहालयातील टाचणीवरच्या नमुन्यांचा इतिहास नाही.

पहिली जात वर्णिली गेली ती वाळवंटात नव्हे, तर उत्तर इटलीत. जोव्हान्नी आंतॉन्यो स्कोपोली (१७२३–८८) यांनी १७८६ साली तिला बिबिओ पापाटासी असे नाव दिले. ‘गुपचूप खाणारी’ अशा अर्थाच्या इटालियन लोकभाषेतील शब्दावरून हे नाव घेतलेले आहे. उडताना व चावताना ही माशी डासासारखी गुणगुणत नाही, हे लोकांनी शास्त्रज्ञांच्या आधीच टिपले होते. फ्लेबोटोमस ही प्रजाती कामील्लो रॉन्दानी यांनी १८४० साली स्थापन केली. पुढे बराच काळ या माश्यांकडे फारसे कोणी वळले नाही. १९०८-०९ मध्ये ऑस्ट्रियन लष्करी वैद्य डेर, फ्रान्ट्स व टाउसिख यांनी पापाटासी ज्वर या माशीमुळे पसरतो असे सिद्ध केले, तेव्हा कोठे नवीन जातींचा शोध जोमाने सुरू झाला.

या काळातील वर्णनांत मोठी उणीव होती. उदरावरील केस उभे आहेत की आडवे, पंखांतील शिरांची परस्पर लांबी किती, शृंगिकेचे खंड केवढे अशा बाह्य लक्षणांवर ती आधारलेली असत. वाळलेल्या नमुन्यावरील केस सहज गळतात व उदर आक्रसते. नराच्या बाबतीत जननांगांचा आधार मिळे, कारण ती बाहेरून दिसतात व प्रत्येक जातीत निराळी असतात. मादीला असे उघड लक्षण नाही. अशा रीतीने वर्णन नराचे पक्के, पण रोग पसरविण्याचा आरोप मादीवर, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

लुई पारो यांनी १९१७ साली अल्जीरियातून फ्ले. सर्जेंटी ही नवी जात वर्णिली. हे नाव अल्जीरियातील संशोधक सेर्जां यांच्यावरून दिलेले आहे. नराच्या जननांगाचा शेवटचा खंड पाहिल्यास भेद स्पष्ट होतो : फ्ले. पापाटासीमध्ये तो लांब व सडपातळ असून त्यावर पाच आखूड काटे असतात, फ्ले. सर्जेंटीमध्ये तो आखूड व रुंद असून काटे चार असतात. एका काट्याचा हा फरक किरकोळ वाटेल, पण तो पिढ्यान्‌पिढ्या कायम राहतो, आणि जात ठरविताना अशाच लक्षणाला किंमत असते.

एदमाँ व एत्येन सेर्जां, पारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ साली सहाराच्या उंबरठ्यावरील बिस्क्रा येथे पकडलेल्या फ्ले. पापाटासी माश्या जेथे हा रोग नव्हता अशा अल्जिअर्स शहरी नेल्या. तेथे त्या चिरडून माणसाच्या खरवडलेल्या त्वचेवर चोळण्यात आल्या व व्रण उत्पन्न झाला. प्रयोग महत्त्वाचा होता, तरी चिरडून टोचणे म्हणजे चावणे नव्हे. शिवाय बिस्क्रात जे घडते तेच बगदाद किंवा दिल्लीतही घडते असे गृहीत धरण्यास त्यात आधार नव्हता. पुष्कळ लेखकांनी ते धरले, आणि त्यामुळे विषय गुंतागुंतीचा झाला.

मादीची ओळख पटविण्याचा प्रश्न १९२० नंतरच्या दशकात सुटला. भारतात जॉन सिंटन यांनी, तर पॅलेस्टाइनमध्ये सॉल ॲडलर व ऑस्कर थिओडोर यांनी माशी दाहक क्षारात पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली तिची आंतरिक अंगे तपासली. ग्रसनीतील दात्यांची रचना व शुक्रग्राहिका (नराकडून मिळालेले शुक्राणू साठविणारी मादीची पिशवी) यांवरून मादीची जात खात्रीने सांगता येऊ लागली. पकडलेल्या प्रत्येक मादीला आता नाव मिळू लागले, आणि माश्यांचे नकाशे रोगाच्या नकाशांशेजारी ठेवता आले. वायव्य भारतातील प्राच्य व्रणाचे क्षेत्र फ्ले. सर्जेंटीच्या क्षेत्राशी अधिक जुळते, असे सिंटन यांनी दाखविले, फ्ले. पापाटासी मात्र रोग नसलेल्या प्रदेशांतही विपुल होती.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते. व्रण उत्पन्न करणारे परजीवीही दोन जातींचे आहेत. सोव्हिएट संशोधकांनी १९४१ च्या सुमारास तुर्कमेनिस्तानातील काराकुम वाळवंटात जर्बिल या उंदरांच्या बिळांत रोगाचे नैसर्गिक आगर असल्याचे दाखविले. बिळातील दमट, सावलीच्या हवेत फ्ले. पापाटासी वाढते व उंदरांतील लेशमॅनिया मेजर हा परजीवी माणसापर्यंत नेते. ॲडलर व बेर यांनी १९४१ सालीच तिच्या दंशाने व्रण होतो हे प्रयोगाने सिद्ध केले. शहरांतील कोरड्या व्रणाचा परजीवी लेशमॅनिया ट्रॉपिका हा असून तो प्रामुख्याने माणसाकडून माणसाकडे फ्ले. सर्जेंटीद्वारे जातो. सौदी अरेबियात पकडलेल्या माश्यांतील परजीवी व रुग्णांतील परजीवी एकच आहेत, हे विकरांच्या तुलनेवरून १९८८ साली दाखविले गेले, म्हणजे पारो यांच्या वर्णनानंतर ७१ वर्षांनी. एका ठिकाणी बिळे नष्ट करून रोग आटोक्यात येतो, तर दुसऱ्या ठिकाणी घरांच्या भिंतींवर फवारणी व रुग्णांवर उपचार करावे लागतात; माशीची जात चुकली तर सारा खर्च वाया जातो. राजस्थानात बिकानेरच्या परिसरात हा रोग आढळत असल्याने भारतालाही हा भेद महत्त्वाचा आहे.

जातिवर्णनाचे काम अद्याप संपलेले नाही. पेर्फिल्येव्ह यांनी १९६३ साली फ्ले. सर्जेंटीची उपजाती म्हणून वर्णिलेली सिमिलिस ही पुढे, २००० नंतरच्या अभ्यासात, स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. खुद्द फ्ले. सर्जेंटीतही डीएनएच्या तुलनेत निरनिराळ्या प्रदेशांतील वेगळ्या वंशशाखा आढळल्या आहेत. त्यांना जातीचा दर्जा द्यावा किंवा कसे, हे ठरविताना तज्ज्ञांना पुन्हा त्याच काट्यांकडे व शुक्रग्राहिकांकडे वळावे लागते.