न कुजणारा धागा

अकोल्याच्या माणसाने समुद्रातल्या जाळ्यांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण कापसाच्या गावात राहून धाग्याचा इतिहास शोधू लागले की वाट कोळीवाड्यापर्यंत जाते.

मासेमारीची जाळी पूर्वी सुताची, नाहीतर तागाची असत. हा धागा पाण्यात कुजतो. म्हणून झाडांच्या साली उकळून त्या काढ्यात जाळी बुडवायची, उन्हात वाळवायची आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. एवढे करूनही जाळे समुद्रात हरवलेच, तर कालांतराने कुजून विरून जाई. धाग्याच्या या दुबळेपणाला कोळ्यांनी शिव्याच घातल्या असतील. कासवांना मात्र त्यातच अभय होते.

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जाळ्यांत आले आणि पुढे आपल्या किनाऱ्यावरही पोचले. हलके, मजबूत, न कुजणारे. उकळणी-वाळवणी संपली. कोळ्यांनी ते आनंदाने स्वीकारले. त्यांच्या जागी आपणही तेच केले असते. आमच्याकडे महानच्या काटेपूर्णा धरणावरही आता सुताचे जाळे शोधून सापडणार नाही.

असे जाळे सुटले की मालकाविनाच मासे धरीत राहते. इंग्रजीत त्याला 'घोस्ट नेट' म्हणतात, आपण भूतजाळे म्हणू. बहुतेकदा ते कोणी हौसेने टाकलेले नसते. वादळात तुटते, खडकात अडकते, कधी ट्रॉलर वरून जातो. जाळ्याबरोबर घरातले कर्जाऊ पैसेही बुडतात. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर या गुंत्यात अडकलेली ऑलिव्ह रिडले कासवे वाहून येतात. धागा आवळत जातो आणि वल्ह्यासारखा पाय तुटतो. डहाणूच्या उपचार केंद्रात अशी जायबंदी कासवे आणली जातात.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राने एक चांगली योजना आणली. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापले, तर पुरावा पाहून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्याच वर्षी जागतिक अन्न व कृषी संघटनेने जाळ्यांवर मालकाची खूण असावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. पण ही भरपाई कापलेल्या जाळ्याची आहे. आधीच सुटून तळाशी पडलेल्याचे काय? ते ओढून आणणाऱ्या तांडेलाच्या वाट्याला डिझेलचा खर्च, अडलेली जागा आणि सडक्या माशांची घाण येते. मला वाटते, बंदरावरच काटा लावून, कापसासारखे वजनावर, ते विकत घ्यावे.